बिनकाचेची चौकट

धोंडिबा, तुझा कावळा फार लवकर शिवला.

पळसदेवच्या घाटावर तुझ्या दहाव्याला आम्ही पंधरा-वीस जण होतो. पिंड मांडला आणि सगळे चार पावलं मागं सरलो. जिवंतपणी तू पहिल्या हाकेला कुणाचं ऐकलं नाहीस, तेव्हा आता तरी कुठला ऐकायला, असं मी धरून चाललो होतो. तासभर तरी कावळा लिंबावरून हलणार नाही. एकेक जण पुढं होऊन 'हे करतो, ते करतो' म्हणेल, आणि सगळ्यांचं सांगून झालं की शेवटी माझी पाळी येईल. भिगवणपासून एसटीत मी माझं वाक्य घोकत आलो होतो. पण तुझा भाऊ नामदेव हात जोडून म्हणाला, "दादा, आईला मी अंतर देणार न्हाय," आणि लगेच कावळा खाली आला, शिवला, दोन शितं घेऊन उडालासुद्धा. बायका म्हणाल्या, "सुटला गं बाई." माणसं घाट चढायला लागली. मी तोंडातलं वाक्य तोंडातच घेऊन उभा राहिलो.

वाक्य एवढंच होतं: धोंडिबा, तुझ्या त्या चित्राला मी चौकट करतो.

तेव्हापासून हातात काही टिकत नाही. काल काच कापताना हिरा वाकडा गेला आणि चांगला मोठा तावदानाचा तुकडा वाया गेला. परवा एका बाईंच्या लग्नाच्या फोटोला उलटी पट्टी ठोकली. तुझी भाभी, जैनब, म्हणते, "बसा की जरा." बसतो, की लगेच उठतो. दुकानाच्या दारात जातो, एसटी स्टँडकडून येणाऱ्या माणसांत बघतो, परत आत येतो. म्हणून हे लिहायला घेतलंय. पाटावर बसल्याबसल्या हात तरी चालू राहील.

लोक अजून विचारतात, बारामतीचा तसबिरीवाला इस्माईल आणि इंदापूरचा बोर्ड रंगवणारा धोंडिबा, या दोघांचं जमलं कसं? मला विचारशील तर भांडणानंच जमलं. तू पहिल्यांदा दुकानात आलास तो देवांच्या छापील चित्रांना नावं ठेवायला. लक्ष्मीच्या तसबिरीसमोर उभा राहून म्हणालास, "हिचे हात बघ. कधी एक घागर उचलल्याली दिसत न्हाय." मी म्हणालो, "घ्यायची नसंल तर पुढं हो, उजेड आडतो." तू पुढं झाला नाहीस. संध्याकाळच्या गाडीपर्यंत माझ्या बाकड्यावर बसून राहिलास, आणि जाताना माझ्या पाटीवरचं पुसट झालेलं 'तसबिरी' हे नाव न सांगता रंगवून गेलास. ते अजून पुसलं गेलेलं नाही.

तुझ्या बोलण्यात लढाई कधी लढाईसारखी आली नाही. बर्माच्या आघाडीवर तू गाड्यांवर आकडे रंगवायला होतास. हिवताप भरला, दवाखान्यात टाकलं, आणि शेजारच्या खाटेवर आफ्रिकेतला एक शिपाई होता, योरुबा लोकांपैकी. ताइवो त्याचं नाव. तुझी हिंदुस्थानी मोडकी, त्याची त्याहून मोडकी, इंग्रजी दोघांचीही उधारीची. उरलेलं हातवाऱ्यांनी. तेवढ्यावर त्यानं दीड महिना तुला आपले देव सांगितले, आणि तू पुढं दहा वर्षं ते मला सांगितलेस. दुतोंडी कुऱ्हाड घेऊन आभाळात गरजणारा शांगो. लोखंडाचा देव ओगुन. पिवळं नेसणारी, पितळेच्या बांगड्या आवडणारी नदीची देवी ओशुन. आणि माती मळून माणसं घडवणारा ओबाताला, जो एकदा ताडी जरा जास्त प्यायला, मग त्या दिवशी त्याच्या हातची माणसं वाकडीतिकडी निघाली.

"इस्माईलभाई," तू माझ्या नाकाकडं बघत म्हणायचास, "तुझ्या वक्ताला त्याची दुसरी घागर चालू आसंल."

ते देव तू नुसते सांगत बसला नाहीस. इंदापूरच्या स्टँडवरच्या हॉटेलाच्या पाटीत शांगोची कुऱ्हाड घातलीस. मालकाला वाटलं, फूल आहे. बैलांच्या शिंगांवर असे पट्टे ओढलेस की बेंदराला लोक थांबून बघायचे. आणि घरी पळसदेवला, भीमेच्या काठावर बसून मांजरपाटाला खळ आणि खडू लावून तू मोठी चित्रं करत राहिलास. तुझी आई मला म्हणाली होती, "भिताडाला लावायला चुना न्हाय आन ह्यो कापडाला लावतोय."

त्या चित्रांचं प्रदर्शन बारामतीतच भरवायचं, हा तुझा हट्ट. पुणे म्हणालो, तर म्हणालास, "तितं लोक चित्र बघाय येत्यात. मला न बघणारी माणसं पायजेत." दसऱ्याच्या आधी, गुऱ्हाळं सुरू व्हायच्या आत, गुळाच्या अडतीचं एक गोदाम रिकामं मिळालं. भिंतींना अजून गुळाचा वास होता आणि मुंग्यांची रांग थेट ओबातालाच्या पायाखालून जात होती. मी फुकट चौकटी केल्या. सागाची पट्टी, कोपरे चोख. आणि काच कापायला घेतली तर तू हात धरलास.

"काच नगं."

"धूळ बसंल."

"बसू दे. काच लावली की माणूस आधी सोताची टोपी नीट करतो. मंग चित्र."

"मी काचंवर पोट भरतो, धोंडिबा. हे बाहेर कुठं बोलू नगंस."

तू हसलास, पण काच लावू दिली नाहीस. मी म्हणालो, याचा तुला पश्चात्ताप होईल. आपल्या भांडणात असलं वाक्य मी नेहमी म्हणायचो आणि बहुतेक वेळा मीच बरोबर निघायचो, हे कबूल कर.

प्रदर्शनाच्या दुसऱ्याच दिवशी बाजार होता. भाजी विकून मोकळ्या झालेल्या बाया गोदामात शिरल्या. शिरतानाच चपला बाहेर. मी दारातून ओरडलो, "बाई, देऊळ न्हाय हे!" कोण ऐकतंय? ओशुनसमोर त्या थांबल्या. पिवळं लुगडं, हातात आरसा, गुडघ्यापर्यंत पाणी. एकीनं विचारलं, "कोणची देवी म्हनायची?" तू म्हणालास, "नदीची." संपलं. तिनं कनवटीची पुडी काढली, देवीच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. मागचीनं लावलं. त्या मागचीनं नारळ आणायला माणूस पाठवला. दुपारपर्यंत तुझ्या देवीचं कपाळ, नाक आणि अर्धा गाल लालभडक झाला होता, आणि मी तुझ्या अंगावर धावून गेलो, "बघ! म्हनत हुतो काच लाव. गेलं का चित्र?"

तू दाराशी बसून बिडी ओढत होतास. म्हणालास, "गेलं कुठं? आत्ता झालं."

कऱ्हाटी गावचे एक आबा शांगोसमोर बराच वेळ उभे होते. "ह्यो कुठल्या गावचा?" "लई लांबचा, आबा. पर पाऊस पाडतो." आबांनी वर कौलांकडं बघितलं, मग परत चित्राकडं. "आसं हाय व्हय. मग ऱ्हाऊ द्या हितंच." तू त्यांना दोन्ही हातांनी नमस्कार केलास. त्या दिवशी तू जितका खूश होतास तितका मी तुला कधी पाहिला नाही. मी मात्र रागानं धुमसत होतो, आणि आज लिहिताना कळतंय की तो हेवा होता. आयुष्यभर मी देव चौकटीत बसवले. माझ्या चौकटीपुढं कुणी चपला काढल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी जैनब आली, सलमाचा हात धरून.

इथून पुढं लिहायला नको वाटतं. पण तुझ्या दहाव्याला गप्प राहिलो ते पुरे.

माझ्या जुळ्या मुली, सलमा आणि नजमा. सलमा आधी जन्मली, नजमा तिच्यामागून घटकाभरानं. अडीच वर्षांच्या असताना दोघींना गोवर निघाला. सलमा उठली. नजमा उठली नाही. जनाज्याला तू पळसदेवहून आला होतास, कबरीवर माती टाकलीस, आणि त्यानंतर मी तिचं नाव घरात घेतलं नाही, कुणाला घेऊ दिलं नाही. जैनब सुरुवातीला घ्यायची. मी उठून जायचो. मग तिनंही सोडलं. सोडलं असं मला वाटलं.

कोपऱ्यातल्या एका चित्रासमोर जैनब थांबली. आदल्या दिवसापर्यंत त्यावर मी फडकं टाकलेलं पाहिलं होतं. तू म्हणाला होतास, ओलं हाय. चित्रात लाकडाच्या दोन काळ्या बाहुल्या होत्या, डोळे मोठे, कमरेला मणी. अंगात पिवळे फ्रॉक, गळ्याला हिरवी पट्टी. जैनबनं एकाच कापडातून दोघींना शिवलेले फ्रॉक. त्यातला एक कबरस्तानात गेला होता.

तू खाली मान घालून जैनबला सांगत होतास. ताइवो जुळा होता. त्याच्या जोडीचा लहानपणीच गेला. त्यांच्यात जुळ्यातलं एक गेलं की लाकडाची बाहुली कोरून घेतात. आई तिला न्हाऊ घालते, तेल लावते, कपडे घालते. एका पोराला भरवलं की दुसऱ्याच्या तोंडाला लावते. एकाला आणि दुसऱ्याला नाही, असं करायचं नाही. दहा वर्षांत तू मला शंभर गोष्टी सांगितल्यास, ही एकच नाही.

जैनबनं सलमाला जवळ ओढलं. सलमाच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि डावीकडच्या बाहुलीच्या गालावर तीट लावली.

मी तिचा हात ओढला. भर माणसांत. आणि तुझ्यावर तुटून पडलो. माझी पोर बाजारात मांडलीस, म्हणालो. आणखीही म्हणालो. पुसून टाक ते, आत्ताच्या आत्ता.

"न्हाय पुसत," तू म्हणालास. आवाज चढवला नाहीस. "आन इस्माईलभाई, ह्या एका चित्राला अजून चौकट न्हाय. ती तूच कर. दुसऱ्या कुणाला हात लावू देनार न्हाय."

"माझ्या हातानं न्हाय. मेलो तरी न्हाय."

मेलास तू. ते माझं वाक्य मला झोपताना, उठताना, पट्टी कापताना ऐकू येतं. जैनबशिवाय दुसऱ्या कुणी ते ऐकलं नसेल, कारण सगळे ओशुनपुढं नारळ फोडत होते.

मग आपण बोललो नाही. म्हणजे मी बोललो नाही. दिवाळीत तू दुकानावरून गेलास आणि मी शटरच्या कडीशी उगाच खटपट करत बसलो. संक्रांत झाल्यावर गोणपाटात गुंडाळलेलं चित्र घेऊन आत आलास, भिंतीला टेकवलंस. "चौकट करू नगंस. नुसतं ठिव. आमच्यात उंदरं लई झाल्यात." मी काचेवरून मान वर केली नाही. दहा वर्षांच्या दोस्ताला मी पाणीही विचारलं नाही, धोंडिबा. जैनबनं आतून तांब्या आणला. तो तू उभ्यानं प्यायलास आणि गाडी गाठायला गेलास. तुझी पाठ तेवढी मी पाहिली, सदऱ्यावर पिवळा रंग सांडलेला.

उंदरांची गोष्ट खोटी होती. दहाव्याला तुझ्या घरी गेलो तेव्हा बघितलं. बाकीची सगळी चित्रं तिथंच आहेत, एकालाही कुरतडलेलं नाही.

मी ते चित्र तावदानांच्या मागं, तोंड भिंतीकडं करून ठेवलं होतं. होळीनंतर नामदेवचा निरोप आला, चार दिवसांच्या तापात तू गेलास. त्या चार दिवसांत तू माझी आठवण काढली होतीस का, हे मी त्याला विचारलं नाही. काढली होतीस म्हणाला असता तरी मला सोसलं नसतं, आणि नव्हती म्हणाला असता तरी.

घाटावरून परत आलो त्या दुपारी सरळ आत गेलो आणि चित्र बाहेर काढलं. गोणपाटाची गाठ तुझी नव्हती, माझीही नव्हती. साधी, बायकी गाठ, रोज सोडता यावी अशी. गोणपाट सोडलं. डावीकडच्या बाहुलीच्या गालावर काजळाची तीट होती, तुझ्या प्रदर्शनातल्यापेक्षा तिप्पट मोठी, जाड, थरावर थर. वरचा थर ओला होता. केसांवर तेलाचं बोट फिरून फिरून कापड चकाकत होतं. ओठांशी काहीतरी चिकटलं होतं. नखानं काढून बघितलं. गूळ होता.

जैनब दारात उभी होती. मला वाटलं ती घाबरेल. ती घाबरली नव्हती.

"सलमाला लावते रोज," ती म्हणाली. "हिला कशी नगं लावू?"

मी खाली बसलो. आणि मग मला ते आठवलं, जे मी सहा महिने आठवू दिलं नव्हतं. नजमा गेल्याच्या चाळिसाव्याला तू आला होतास. आपण दोघं कालव्याच्या कडेनं चालत होतो. मी तुला म्हणालो होतो, सलमाकडं बघितलं की नजमा दिसते, आणि नजमा आठवायला गेलं की सलमाच दिसते. तिचं म्हणून तोंड माझ्याकडं उरलंच नाही. गावाच्या लग्नांचे फोटो मी चौकटीत घालतो, पोरीचा एक काढला नाही. तिला कुठंतरी ठेवायला पायजे होतं, असं मीच म्हणालो होतो. तू कालव्याच्या पाण्याकडं बघत राहिलास. तुझ्या आधीची दोन भावंडं गेली, तू तरी धोंड्यासारखा टिकावास म्हणून तुझं नाव धोंडिबा ठेवलेलं. घरातल्या गेलेल्या पोरांविषयी तुला शिकवायची गरज नव्हती. दोन वर्षं तू ते मनात धरून बसलास आणि मी मागितलेलं माझ्यासमोर आणून ठेवलंस. मी तुला चोर म्हणालो.

हे मला सांगायचं होतं रे. चौकटीचं नुसतं निमित्त.

चौकट झाली. परवा तीन वेळा पट्टी वाया घालवली, काल जमली. साग नाही, आंब्याची साधी फळी वापरली, कारण तू म्हणायचास सागाला फार आब असतो. गालावरची तीट पुसली नाही. काच कापून तयार होती, मापाची, निर्मळ. लावायला घेतली आणि जैनबच्या बोटाचं आठवलं. काच परत कपाटात ठेवली. हे भांडण तू जिंकलास. एवढंच एक, बाकीची सगळी मी.

आमच्या घरात तसबीर लावत नाहीत, तुला ठाऊक आहे. गावभरचे देव मी भिंतीवर चढवतो आणि माझ्या भिंती कोऱ्या. तेव्हा भिंतीवर लावली नाही. खालच्या फळीवर ठेवली आहे, सलमाच्या उंचीला. कुणी काही म्हणालं तर बघू. म्हणणारे तसेही म्हणणारच.

आज सकाळी सलमा तिच्यापुढं उकिडवी बसली होती, हातात भाकरी-गूळ.

"अब्बा, ही म्या हाय का?"

"उजवीकडची तू."

"आन ही?"

घरात चूल पेटली होती, जैनबच्या फुंकणीचा आवाज थांबला. मी अडीच वर्षांनी ते नाव उच्चारलं. "नजमा. तुझी थोरली बहीण."

"थोरली कशी? अम्मी म्हनती ती माझ्या मागनं आली."

मग मी तिला तुझ्या ताइवोचं सांगितलं, तू जैनबला सांगितलंस आणि जैनबनं काल रडत रडत मला सांगितलं तसं. त्यांच्यात मागून जन्मतो तो थोरला. तो आधी धाकट्याला पुढं धाडतो, म्हणतो, जा, जग कसं हाय ते बघून ये, मग मी येतो.

सलमानं जरा विचार केला. "मग मी बघून सांगितलं तिला?"

"व्हय."

"काय सांगितलं?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. भाकरीचा तुकडा मोडला, गुळाला लावला, आधी डावीकडच्या बाहुलीच्या तोंडाला टेकवला आणि मग आपण खाल्ला.

तू असतास तर दाराशी बसून बिडी पेटवली असतीस. मी तुला आत ये म्हणालो असतो, धोंडिबा. पाणी आधी विचारलं असतं.